आत्याच्या पोटातली माणसं

माझ्या मोठ्या नणंदबाई शहरातली बस चालवतात. त्यांच्यावर कुणी कधी लिहिलंच, तर त्यांच्या आवाजावर लिहील, किंवा बाजाराच्या त्या अरुंद वळणावर, जिथे त्या अख्खी बस एका हाताने फिरवतात आणि दुसऱ्या हाताने गाजर खातात. मी त्यांच्या पोटावर लिहिणार आहे. आवाज काय, कुणाचाही मोठा असतो. तसं पोट मात्र मी दुसरं पाहिलं नाही.

ताई पंचावन्नीच्या, उंच, दारात उभ्या राहिल्या की आतला उजेड कमी होतो अशा. डेपोच्या मागे दोन खोल्यांत एकट्या राहतात. एकट्या म्हणजे सोबतीला एक म्हातारा कुत्रा आणि गॅलरीभर फुटक्या बादल्या, ज्यांत मुळे, गाजरं, पालक असं काहीबाही उगवत असतं. भूक लागली की बादलीतून उपटायचं, युनिफॉर्मच्या बाहीला पुसायचं आणि कराकरा चावायचं. तोच हात कुत्र्याने नुकताच चाटलेला असतो. लग्नानंतर मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, ही बाई काही उद्याची सकाळ बघत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझाच घसा धरला होता आणि ताई मला बघायला आल्या होत्या. हातात गाजर.

"धुतलंय का?" मी विचारलं.

"पुसलंय," त्या म्हणाल्या.

पुढची वीस-बावीस वर्षं आम्ही दोघी याच दोन शब्दांवर उभ्या होतो.

त्यांनी लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलं तर म्हणतात, "दिवसभर एवढी माणसं पाठीमागे बसलेली असतात, रात्री तरी पाठ मोकळी नको?" जीव आमच्या ठकीवर. ठकी लहान असताना तिला ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसवून गावभर फिरवायच्या आणि संध्याकाळी आणून सोडायच्या तेव्हा पोरगी काळी, चिकट आणि बेहद्द खूश असायची. मी तिला दारातूनच उचलून बाथरूममध्ये न्यायची. "अगं वहिनी, बेताने घास, रंग जाईल तिचा!" ताई बाहेरून ओरडायच्या.

ती ठकी एकोणीस वर्षांची झाली आणि हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. जबरदस्त औषधं दिली, त्यांनी तिला वाचवलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण फुप्फुसं सुधारली आणि पोट बिघडलं. जुलाब सुरू झाले ते थांबेनात. तपासणीत एक जंतू सापडला. त्याचं नाव असं, की मी सुशिक्षित बाई असून मला ते धड उच्चारता येईना. औषध दिलं की तो दबायचा, औषध थांबवलं की आठवड्या-दोन आठवड्यांत परत हजर. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा ठकीला जिना चढवत नव्हता. तिचे कपडे तिच्या अंगावर दुसऱ्या कुणाचे असावेत तसे लोंबत होते. मी रोज रात्री तिच्या उशाशी बसून ती श्वास घेते का बघायची आणि ती डोळे न उघडता म्हणायची, "घेतेय गं आई. जा झोप."

पोटाच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी आम्हाला ठकीच्या खाटेभोवती गोळा केलं. नवरा, मी, आणि ड्यूटी संपवून युनिफॉर्ममध्येच आलेल्या ताई.

"निरोगी आतड्यात मोजता येणार नाहीत इतके चांगले जिवाणू राहतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "न्यूमोनियाच्या औषधाने वाईटांबरोबर तेही मेले. म्हणून हा जंतू पुन्हा पुन्हा येतो. त्याची बीजं औषधाला दाद देत नाहीत."

"म्हणजे बस रिकामी झाली," ताई म्हणाल्या.

"काय?"

"भरलेल्या बसमध्ये चढायलाच जागा नसते. रिकाम्या बसमध्ये खिसेकापू पाय पसरून बसतो."

डॉक्टरीणबाईंना हे आवडलं. "हो, पण नुसती जागा अडवून भागत नाही. हे रोजचे प्रवासी त्याच्या तोंडचा घास आधीच खाऊन टाकतात. आपल्या पित्तातल्या ज्या भागावर त्याची बीजं उगवतात, तो भाग ते बदलून टाकतात. शिवाय ते एक आम्ल तयार करतात, ते आतड्याच्या भिंतीचं खाणं. ते खाऊन भिंतीच्या पेशी आतला ऑक्सिजन संपवतात. आणि ऑक्सिजन नसलेल्या जागेतच या चांगल्यांचं फावतं."

"आणि आमची पोरगी काय करते? नुसती बस म्हणून उभी?" ताईंना ठकीचा अपमान झाल्यासारखं वाटलं.

"छे! शरीर आतड्याला चिकट अस्तर लावून देतं, त्यात हे राहतात, वेळ पडली तर तेच खातातही. शिवाय शरीर स्वतःची जंतुनाशकं सोडून वाईटांना भिंतीपासून लांब ठेवतं. दोघं मिळून करतात. एकट्याने जमत नाही."

"म्हणजे ड्रायव्हर, कंडक्टर आणि रोजचे पॅसेंजर मिळून खिसेकापूची मानगूट धरतात."

"अगदी."

"मग चढवा की माणसं! अडलंय कुठे?"

"तेच सांगायला बोलावलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणाची तरी उसनी घ्यावी लागतील. निरोगी नातेवाइकाची." आणि ती माणसं नेमकी कुठून आणतात आणि कुठून चढवतात, हे त्यांनी शांतपणे, एकही शब्द न गाळता सांगितलं.

नवरा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. मी माझ्या हातांकडे बघत राहिले. पांघरुणाखालून ठकीचा आवाज आला, "मला मरू द्या."

आणि ताई हसल्या. एकदा सुरू झाली ती गाडी थांबेच ना. भिंतीला टेकल्या, स्टुलावर बसल्या, टोपीने डोळे पुसले, पुन्हा हसल्या. शेवटी नर्स धावत आली, तिला वाटलं पेशंट बदलला. मग पांघरूण हलायला लागलं. ठकी हसत होती. कितीतरी दिवसांनी.

आता दाता कोण? नवऱ्याला साखर आणि ॲसिडिटी, रोजच्या गोळ्या, तो पहिल्याच प्रश्नाला बाद. मी तर नर्सला द्यायची उत्तरं पाठ करून गेले होते. पण महिन्यापूर्वी दाढदुखीवर अँटिबायोटिक्स घेतली होती, मीही बाद. "तुमच्या बसमध्येही सध्या गर्दी नसेल," नर्स म्हणाली. ताईंची गोष्ट एव्हाना वॉर्डभर पसरली होती.

ताई खुर्चीत ऐसपैस बसल्या.

"गेल्या सहा महिन्यांत अँटिबायोटिक?"

"गेल्या जन्मात विचारा."

"टॅटू?"

"कुठे काढू? बाहेर दिसेल तिथे युनिफॉर्म, आत दिसेल तिथे कुणी बघत नाही."

"शौच नियमित?"

"बाई, आमच्या डेपोत घड्याळ बंद पडलं तर माझ्यावरून लावतात."

रक्त तपासलं, बाकी जे तपासायचं तेही तपासलं. मला खात्री होती, काहीतरी निघणारच. ती माती, तो कुत्रा, ती बाही. त्या पोटात किमान एक प्राणिसंग्रहालय असणार. रिपोर्ट आला: काही नाही. सगळं स्वच्छ, आणि चांगल्या जिवाणूंची नुसती जत्रा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असा दाता शोधून सापडत नाही. खोटं कशाला बोलू, आनंदाने माझे पाय जमिनीला लागत नव्हते आणि तरी कुठेतरी थोडं लागलंच. मी इतकी वर्षं एवढं धुतलं ते कुणासाठी?

"आठवड्याने करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तोवर ताईंना आहेत तशाच राहू द्या. तेच खाणं, तेच जगणं."

हे वाक्य मी ऐकलं, मान डोलावली, आणि घरी येऊन बरोबर उलटं केलं. माझ्या लेकीचं औषध डेपोमागे मोकळं फिरतंय, कुत्र्याकडून चाटून घेतंय, एखाद्या शिंकणाऱ्या प्रवाशाने त्याच्यावर शिंकलं तर? मी नवऱ्याला पाठवून ताईंची रजा टाकायला लावली, कुत्रा शेजाऱ्यांकडे ठेवला आणि ताईंना आमच्याकडे आणलं. नवऱ्याने आपली चांगली गादी त्यांना दिली आणि स्वतः सतरंजीवर गेला. मी दोन वेळ उकळलेलं पाणी, मऊ भात, उकडलेली भाजी द्यायला लागले. घरात कुणी आवाज चढवायचा नाही, असा नियम झाला. टीव्ही इतका हळू की बातम्या देणारी बाई आम्हाला काही गुपित सांगतेय असं वाटायचं.

"वहिनी, मी बाळंतीण आहे का?" ताईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"तुम्ही पडून राहा हो ताई. काही हवं का?"

"शिव्या द्यायला कुणीतरी हवं."

आम्ही सगळे गोड हसलो. गोड हसायचंच, असं ठरलं होतं. रोज सकाळी मी आडून विचारायची, "सगळं ठीक ना?" आणि ताई भिंतीकडे बघत म्हणायच्या, "चालू आहे."

ठरल्या दिवशी सकाळी ठकीला आत नेलं. औषध थांबवलं होतं, आतडं धुऊन रिकामं केलं होतं, तोंडात पाण्याचा थेंब नव्हता. ताईंना झाकणाचा एक पांढरा डबा देऊन नर्सने स्वच्छतागृहाचं दार दाखवलं. आम्ही बाहेर बाकावर बसलो. ताई आत गेल्या.

बराच वेळ गेला. ताई बाहेर आल्या. डबा हलका होता. तो त्या ज्या पद्धतीने धरून होत्या, त्यावरूनच कळलं.

"ताई?"

"नाही होत," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तेवढा लहान कधी ऐकला नव्हता. "खरं सांगू? तीन दिवस झाले. तुझं तोंड बघून सांगवलं नाही मला."

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, ऐकून घेतलं, घड्याळ बघितलं. रेचक देता येईल, पण त्याला वेळ लागेल, आणि मिळेल ते तितकं चांगलं असेलच असं नाही. दुपारपर्यंत काही झालं तर लॅब तयार करून देईल. नाहीतर ठकीला परत औषध सुरू, परत सगळी धुलाई, परत पहिल्यापासून. "आणि ती फार थकलीय," त्या हळूच म्हणाल्या. ते मला सांगायची गरज नव्हती.

मग आम्ही जे केलं ते त्या कॉरिडॉरमध्ये याआधी कुणी केलं नसेल. नवऱ्याने ताईंना जिन्यावरून वरखाली पळवलं. मी गरम पाणी आणलं. कँटीनवाल्याने कॉफी फुकट दिली, वर म्हणाला, "ताई, सगळं हॉस्पिटल तुमच्या पाठीशी आहे." वॉर्डबॉय म्हणाला, त्याच्या आईला शिट्टी वाजवल्याने होतं. त्याने शिट्टी वाजवली. ताई तीनदा आत जाऊन आल्या. दरवेळी दार उघडलं की बाकावरची सगळी मंडळी, त्यात डोळ्याच्या डॉक्टरकडे आलेले दोन अनोळखी आजोबाही, एकदम उभी राहायची आणि परत बसायची.

शेवटी नवऱ्याला सुचलं. त्याने डेपोत टाइमकीपरना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. "साहेब, ताई रोज सकाळी आल्यावर काय करते? अगदी पहिल्यापासून सांगा."

"करते काय, माझ्याशी भांडते," पलीकडून बारीक आवाज आला. "रोज. मी तिला मागचं दार अडकणारी गाडी देतो, ती माझ्या सात पिढ्या उद्धरते, टेबलावर मूठ आपटते आणि तरातरा मागे निघून जाते. दहा मिनिटांनी येते तेव्हा स्वभावाने गाय असते."

"मागे म्हणजे कुठे?"

मग टाइमकीपर म्हणाले, "अरे देवा."

आम्ही सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताई विचारात पडल्या होत्या. "रविवारी मला जड जातं खरं," त्या म्हणाल्या. "पण रविवारी हा सुट्टीवर असतो."

"साहेब, भांडा!" नवरा फोनवर ओरडला. "आत्ता!"

"आता कसा भांडू हो?" टाइमकीपर नाक ओढत म्हणाले. "पोरीसाठी एवढं करतायत ताई. आल्या की मी त्यांना नवी गाडी देणार आहे. सगळी दारं चालतात."

"झालं!" ताई म्हणाल्या. "हाही कामातून गेला."

आता उरले मी. आयुष्यात मी भांडले नाही. मी कुढते. तरी उभी राहिले, कमरेवर हात ठेवले आणि म्हटलं, "ताई, तुमचं वागणं मला अजिबात पटत नाही!"

ताई फिसकन हसल्या. "नाटकात घेतलं नसतं कुणी तुला. बस खाली, चक्कर येईल."

"तुमचा कुत्रा घाणेरडा आहे!"

"आहेच."

"तुमचं गाजर घाणेरडं आहे!"

"त्याच गाजरासाठी तू आज इथे ओंजळ पसरून उभी आहेस, वहिनी."

बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "हां, जमतंय." आणि मला काय झालं कळलं नाही. आत ठकी उपाशी पडलेली, आणि ही हसतेय. "तुम्हाला सगळ्याची थट्टाच सुचते!" मी म्हटलं, आणि हा आवाज माझाच होता. "तुम्ही पोरीला फिरवून आणायचं आणि मग तिचा खोकला कुणी काढायचा? रात्रभर कुणी बसायचं? तुम्ही गंमत करायची आणि मी औषधं द्यायची! तुम्ही लाडकी आत्या, मी बाटली घेऊन उभी!"

"कुणी सांगितलं होतं बाटली घेऊन उभं राहायला?" आता ताईंचाही आवाज चढला. "पोरीला बरणीत घालून झाकण लावलंस! आणि मला विचारशील तर..." त्या थांबल्या. मग जे बाहेर आलं ते बाहेर यायला वीस वर्षं लागली असावीत. "माझी भांडी का घासतेस गं तू परत?"

"काय?"

"मी तुझ्याकडे जेवते, उठून भांडी घासून ठेवते, आणि मी पाठ वळवली की तू तीच भांडी परत घासतेस! प्रत्येक वेळी! मला काय दिसत नाही? बसला तीन-तीन आरसे असतात, मला पाठीमागचं सगळं दिसतं!"

"घासते!" मी ओरडले. "शंभरदा घासेन! तुम्ही घासलेल्या कढईत मला माझं तोंड दिसण्याऐवजी कालची भाजी दिसते!"

"कढई काय तोंड बघायला असते? आरसा घे की! आणि तो तुझा काटेरी स्पंज, त्याने तर कढईचं..." ताईंनी बाकावर मूठ आपटली. दोन्ही आजोबा हलले. "तुला सांगते, त्या कढईचं..."

त्या गप्प झाल्या. डोळे दूर कुठेतरी लागले. चेहऱ्यावर एक अपार, गंभीर शांतता पसरली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "हे भांडण आहे तिथेच धरून ठेव. मी आलेच." आणि डबा उचलून गेल्या.

बाकावरची सगळी मंडळी बंद दाराकडे बघत उभी राहिली. फोनमधून टाइमकीपर हळूच विचारत होते, "झालं का? हॅलो? झालं का?"

दार उघडलं. ताईंनी डबा दोन्ही हातांत समोर धरला होता, बक्षीस समारंभातून यावं तसा. झाकण घट्ट. वजन दिसत होतं. टाळ्या कुणी आधी वाजवल्या कळलं नाही, बहुतेक कँटीनवाल्याने. लॅबचा मुलगा डबा घेऊन पळत सुटला तेव्हा लोकांनी बाजूला होऊन त्याला वाट करून दिली. मी ताईंच्या गळ्यात पडले. त्यांनी हात धुतलेत का, हे मी त्या क्षणी विचारलं नाही. नंतर विचारलं.

दुपारी ठकीच्या बसमध्ये माणसं चढली. लॅबने ती मिठाच्या पाण्यात घोळवून, गाळून, आधी ओळखू येणार नाहीत अशी करून दिली होती. ठकी अर्धवट गुंगीत बाहेर आली आणि पहिलं वाक्य बोलली, "आत्या, तुझी माणसं फार बडबडी आहेत." मग झोपली.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की लगेच हुरळून जाऊ नका, नव्या मंडळींना जागा धरायला, भिंतीशी ओळख करायला वेळ लागतो. खिसेकापूही इतक्यात उतरणार नाही. ठकीने घरी आल्यावर पहिल्या दिवशी पोटाची तक्रार केली, दुसऱ्या दिवशी थोडी कमी. मी वरण-भात केला, ताईंनी भाज्या आणल्या, डाळी आणल्या, सालासकट फळं आणली. "माणसं नवीन आहेत, त्यांना खायला नको?" त्या म्हणाल्या. मी ती सालं धुतली. एकदाच धुतली, हे नमूद करते.

मग एका सकाळी ठकी बाथरूममध्ये गेली आणि बाहेर येईना. मी दारापाशी जाऊन उभी राहिले. नवरा दाढीचा साबण तोंडाला तसाच लावून आला. ताई ड्यूटीला निघता निघता वाटेत आल्या होत्या, त्याही आल्या.

"आई," आतून आवाज आला, "तू दाराला कान लावून उभी आहेस ना?"

"छे, मी स्वयंपाकघरात आहे," मी दारापाशी म्हटलं.

"बाबा?"

"मी दाढी करतोय."

"मी आहे!" ताई गरजल्या. "मी सरळ कान लावून उभी आहे! बोल लवकर, माझी बस उभी आहे!"

आत पाणी सोडल्याचा आवाज झाला. मग ठकी म्हणाली, लाजत, हसत, प्रत्येक अक्षर मोजून, "शी बांधून झाली."

नवऱ्याने वस्तरा सोडून दोन्ही हात वर केले. ताईंनी मला कमरेला धरून उचललं, मला, साठ किलोच्या बाईला, आणि पॅसेजमध्ये गरागरा फिरवलं. मी ओरडत होते, साबणाचा फेस भिंतीला लागला होता, ठकी आतून दार ठोकत होती की मला बाहेर तरी येऊ द्या. खालच्या मजल्यावरच्या माणसाने काठीने छताला टकटक केलं. आम्ही पाय आणखी जोरात आपटले.